'वजनदार' चित्रपटातील स्त्रीदेह आणि शस्त्रक्रियोत्तर देहभानाचा प्रश्न

प्रस्तावना :
स्थूल स्त्री ही आपल्याकडील लोकप्रिय रंगभूमी व चित्रपटांत बहुधा विनोदापुरतीच आली. तिला स्वतःचे देहभान आणि कामेच्छा असू शकते, याची दखल क्वचितच घेतली गेली. या पार्श्वभूमीवर सचिन कुंडलकर दिग्दर्शित 'वजनदार' (२०१६) हा चित्रपट महत्त्वाचा ठरतो. वजन घटविण्याच्या शस्त्रक्रियेनंतर स्त्रीच्या वाट्याला येणाऱ्या वास्तवाच्या संदर्भात त्याची चिकित्सा करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचन :
पाचगणीतील कावेरी (सई ताम्हणकर) आणि पूजा (प्रिया बापट) या दोन मैत्रिणी वजन कमी करण्याच्या धडपडीतून आत्मस्वीकारापर्यंत येतात. एक विवाहित, दुसरी अविवाहित. त्यामुळे सासर आणि प्रेम या दोन्ही ठिकाणी देह कसा तोलला जातो, हे दिसते. चित्रपटाचे हे बलस्थान होय. मात्र दोन्ही अभिनेत्रींनी भूमिकेसाठी वजन वाढविले होते. पडद्यावरील स्थूलता अशी तात्पुरती, उतरवून ठेवता येणारी असते. शस्त्रक्रियेचे तसे नाही. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कायमचा काढला जातो. वजन वेगाने उतरते, पण पोट, स्तन व मांड्यांवरील कातडी सैल लोंबते. कपड्यांत सडपातळ दिसणारी स्त्री एकांतात पूर्वीपेक्षा अधिक संकोचू शकते.

याचा अर्थ शस्त्रक्रिया निष्फळ ठरते असा नव्हे. डेव्हिड सारवर व सहकाऱ्यांनी १०६ अमेरिकन स्त्रियांच्या केलेल्या अभ्यासात (२०१४) शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षांनी कामजीवन, संप्रेरके व देहप्रतिमा यांत सुधारणा आढळली. परंतु ही सरासरी आहे. प्रत्येकीची हमी नव्हे. शिवाय पाळी नियमित होऊन गर्भधारणेची शक्यता वाढते, तर वैद्यकीय सल्ला साधारणतः १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळण्याचा असतो. जिथे मूल न होण्याचे खापर सुनेच्या वजनावर फोडले जाते, तिथे हा सल्ला पाळणे तिच्या एकटीच्या हाती राहत नाही.

शरत कटारिया यांच्या 'दम लगा के हईशा' (२०१५) या हिंदी चित्रपटात पतीची घृणा थेट शय्येपर्यंत जाते आणि नायिका तिला जाहीर उत्तर देते. तथापि शेवटी पतीने तिला पाठीवर घेऊन शर्यत जिंकणे, हीच स्वीकृतीची खूण ठरते. देहाचे मोल पुन्हा पुरुषाच्या हाती जाते. त्या तुलनेत 'वजनदार'मधील मैत्रीचा आधार अधिक आश्वासक वाटतो.

निष्कर्ष :
र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ या काळात 'समाजस्वास्थ्य' मासिकातून स्त्रीचे कामसुख हा तिचा स्वतंत्र हक्क मानून मराठीत निःसंकोच लिहिले. म्हणजे भाषेची उणीव नाही. उणीव आहे ती ऐकणाऱ्यांची. शहरात शस्त्रक्रिया करून रावेरसारख्या तालुक्यातील घरी परतणाऱ्या स्त्रीला आहाराचा तक्ता मिळतो. शय्येवरील संकोचाविषयी विचारणारे कोणी भेटेलच असे नाही. समुपदेशनात हा विषय, शक्य तेथे पतीसह, आलाच पाहिजे. 'वजनदार' आत्मस्वीकाराच्या उंबरठ्यापर्यंत नेतो. त्यापुढील दालन मराठी कलाकृतींनी अद्याप उघडावयाचे आहे.