आधी आवाज, मग नाव

"तुझ्यासारख्या मुलाला हे कसे काय आवडते?" हा प्रश्न मी दोन्ही बाजूंनी ऐकत आलो आहे. घरात मामू विचारायचे, कारण त्यांच्या मते हेवी मेटल म्हणजे शैतानी गोंगाट. कॉलेजात मित्र विचारायचे, कारण मुसलमानाचा मुलगा कव्वाली किंवा गझल ऐकणार, असे त्यांनी गृहीत धरलेले. मामू आणि मित्र कधी भेटले नाहीत, पण 'तुझ्यासारख्या' हा शब्द दोघांच्याही तोंडी होता.

या प्रश्नाची उत्तरे पुस्तकातून आणि पडद्यावरून सर्वांत जास्त मिळाली ती २००८ साली. तेव्हा मी विशीतला होतो; जे मिळाले ते अधाशासारखे घेतले. आज इतक्या वर्षांनी त्या सालाकडे वळून पाहताना त्यातले काय टिकले आणि काय विरले, हे तपासावेसे वाटते.

ज्यांना हे संगीत ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. याची सुरुवात साधारणपणे इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरात, 'ब्लॅक सॅबथ'च्या १९७० सालच्या पहिल्या अल्बमपासून मानतात. त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला असताना यंत्रात सापडून त्याच्या दोन बोटांची टोके गेली. पुढे त्याने गिटारच्या तारा सैल केल्या, त्यातून खर्जातला जड, काळोखा आवाज आला. माझे बालपण भिवंडीत, यंत्रमागांच्या शेजारी गेले. दिवसरात्र खडखडाट असायचा. वीज गेली की त्या शांततेनेच झोपमोड व्हायची. त्यामुळे डबल बास ड्रमचा मारा पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला तो परका वाटलाच नाही. मामूंच्या प्रश्नाचे माझे उत्तर एवढेच होते. ते त्यांना कधी पटले नाही, ही गोष्ट वेगळी.

१ फेब्रुवारी २००८. जुम्म्याचा दिवस. नमाज पढून मी एस.टी.ने ठाण्याला आणि तिथून लोकलने कुर्ल्याला गेलो. वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर 'आयर्न मेडन'चा कार्यक्रम होता. त्यांच्या जागतिक दौऱ्याची सुरुवातच मुंबईपासून होती आणि गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः वैमानिक असल्याने बँडचे बोइंग ७५७ तोच चालवत होता. कोलरिजच्या प्राचीन खलाशाच्या काव्यावर बेतलेले त्यांचे तेरा-चौदा मिनिटांचे गाणे त्या रात्री झाले. एरवी वर्गात कोलरिजच्या नावाने जांभया देणारी मुले एकेक ओळ पाठ म्हणत होती. शेजारच्याने माझ्या खांद्यावर हात टाकला तो नाव न विचारता. मात्र याचे फार गोडवे गायला नकोत. तिकिटाचे पैसे जमवायला मला महिने लागले होते, आणि आमच्या मोहल्ल्यातून तिथे पोहोचलेला मी एकटाच होतो. नाव कोणी विचारत नव्हते हे खरे. पण खिसा दारातच विचारला गेला होता.

ऑगस्टमध्ये 'रॉक ऑन!!' आला. फरहान अख्तरचा अभिनेता म्हणून हा पहिला प्रदर्शित चित्रपट. सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला. मैत्रीची गोष्ट म्हणून तो नेटका आहे, आणि अर्जुन रामपालचा जो, कला आणि संसार यांत कोंडलेला गिटारवादक, मनात राहतो. पण यात रॉक हे गेलेल्या तारुण्याचे निमित्त आहे. गाणी गुणगुणण्यासारखी असल्यानेच ती कोणाला घाबरवत नाहीत. ज्या आवाजासाठी घरात भांडणे होतात तो आवाज चित्रपटात नाहीच. मग जोच्या बायकोला तो एवढा का खुपतो, हे केवळ पैशांच्या अडचणीवर सोडून द्यावे लागते.

खरा कस लागला तो दोन माहितीपटांचा. 'हेवी मेटल इन बगदाद' हा २००७चा. डीव्हीडी माझ्या हाती पडली पुढच्या वर्षी. 'अक्रासिकॉडा' या इराकी बँडची ही कथा. सद्दामच्या काळात डोके हलवायलाही बंदी होती, कारण ते ज्यूंच्या प्रार्थनेसारखे दिसते, असे त्यातला एक जण सांगतो. पुढे युद्ध आले, वीज गेली, सरावाची जागा उद्ध्वस्त झाली आणि मुले दमास्कसला परागंदा झाली. मी हे पाहून रडलो होतो. तरी आज पुन्हा पाहताना एक गोष्ट बोचते. चिलखती जाकिटे घालून फिरणाऱ्या चित्रकर्त्यांना स्वतःच्या धाडसाचे कौतुक जरा जास्त आहे. ही मुले वाजवतात कशी, त्यांची एखादी चाल कशी बांधली जाते, याकडे कॅमेरा पुरेसा थांबत नाही. बगदाद दिसते; मेटल कमी ऐकू येते.

याउलट सॅम डन आणि स्कॉट मॅकफेडन यांचा 'ग्लोबल मेटल' (२००८). डन शिक्षणाने मानववंशशास्त्रज्ञ, पण आधी रसिक. ब्राझील, जपान, भारत, चीन, इंडोनेशिया, इस्रायल असा तो फिरतो. जकार्ताच्या मुलाशी तो आवडत्या बँडवरून बोलायला लागतो. धर्म आणि राजकारण त्या गप्पांतून आपसूक येतात. एकेका देशाला मिळालेला वेळ थोडा आहे, त्यामुळे काही ठिकाणी चित्रपट वरवरचा राहतो. पण बोलणाऱ्याचा मान राहतो.

त्याच वर्षी मार्क लेव्हाइन या इतिहासाच्या प्राध्यापकाचे 'हेवी मेटल इस्लाम' हे पुस्तक आले. मोरोक्कोपासून पाकिस्तानपर्यंतच्या वादकांना तो स्वतः भेटला आहे, आणि मोरोक्कोत २००३ साली चौदा तरुणांना सैतानपूजेच्या आरोपावरून झालेल्या शिक्षेसारखे प्रसंग आपल्याला ठाऊक असायलाच हवेत. माझी तक्रार वेगळी आहे. या पुस्तकात प्रत्येक गिटारच्या खांद्यावर क्रांतीचे ओझे आहे. एखाद्या मुसलमान मुलाला नुसताच सूर आवडला, असे का असू नये? इंग्रज मुलाला ही मुभा न मागता मिळते.

सप्टेंबरमध्ये 'मेटॅलिका'चा 'डेथ मॅग्नेटिक' आला, तो नेमका रमजानमध्ये. सीडी घेऊन घरी आलो तर अम्मी म्हणाली, "बेटा, रोजे आहेत. ते ठेव बाजूला, ईद झाली की ऐक." ती बंद कर म्हणाली नाही, नंतर ऐक म्हणाली. मीही वेष्टन फोडले नाही. ईदच्या दुसऱ्या दिवशी ऐकले आणि थोडा निराश झालो. गाणी दमदार होती, पण ध्वनिमुद्रण इतके कमाल पातळीवर दाबून बसवलेले की हळू आणि मोठा यातला फरकच मिटला होता. जगभरच्या रसिकांनी याविषयी तक्रार केली. गोंगाट आणि जोर यांत फरक असतो, हे मला त्या सीडीने शिकवले. मामूंना हे सांगायला हवे होते.

नोव्हेंबरअखेर २६/११ झाले. त्यानंतर काही दिवसांनी एका स्टेशनवर माझी पिशवी तपासली गेली. शिपायाने टी-शर्टवरचा सांगाडा पाहिला, ओळखपत्रावरचे नाव पाहिले आणि पुन्हा सांगाडा पाहिला. शेवटी म्हणाला, "हे काय असते?" मी म्हणालो, "गाणी असतात, साहेब." त्याने जाऊ दिले. त्या वर्षी कोणी नावाच्या आधी टी-शर्टबद्दल विचारले, याचेही मला बरे वाटले होते. हे आठवले की आज वाईट वाटते.

त्या सालाचा हिशेब माझ्यापुरता असा: ज्यांनी आधी आवाज ऐकला त्यांच्या कलाकृती टिकल्या, ज्यांनी आधी नाव विचारले त्या माहितीपुरत्या उरल्या. इंडोनेशियातल्या 'व्हॉइस ऑफ बासेप्रोत' या तीन हिजाबी मुली २०२४ साली इंग्लंडच्या ग्लॅस्टनबरी महोत्सवात वाजवून आल्या. त्यांच्याविषयीची बहुतेक बातमी आजही हिजाबापासून सुरू होते. वाचकांना माझी विनंती एवढीच की त्यांचे एखादे गाणे ऐकून पाहा, आणि सुरुवात ड्रमपासून करा. आवडले नाही तर खुशाल बंद करा. ती नापसंती तरी गाण्याची असेल.