सकलातवाला पलटण आणि तिचा ग्रंथ : एक परीक्षण

स्पेनमधील यादवी युद्ध (१९३६–१९३९) हा विषय या त्रैमासिकाच्या कक्षेबाहेरचा आहे, असें कांहीं वाचकांस वाटेल. परंतु मुलुंड येथील एका स्नेह्यांच्या संग्रहांत ‘द बुक ऑफ द फिफ्टीन्थ ब्रिगेड’ या ग्रंथाची १९७५ सालची पुनर्मुद्रित प्रत आम्हांस पाहावयास मिळाली, आणि तीवरून आपल्याच इतिहासाचा एक प्रश्न उपस्थित झाला. म्हणून हें परीक्षण.

मूळ ग्रंथ युद्ध चालू असतांनाच, १९३८ सालीं, माद्रिद येथें ब्रिगेडच्या युद्ध-कमिसार कचेरीनें प्रसिद्ध केला. संपादन आयर्लंडचे फ्रँक रायन यांचें. ब्रिटिश, अमेरिकन, कॅनेडियन व आयरिश स्वयंसैनिकांच्या हकीकती त्यांत एकत्र केल्या आहेत. लढलेल्यांनीं लागलीच लिहून ठेवावें, हें भाग्य आपल्या बखरींस क्वचितच लाभलें. तथापि छावणीनें छापविलेलें साधन एका पक्षाचें असतें, आणि युद्धाचा शेवट त्यांत येऊं शकत नाहीं. हे दोन दोष ध्यानांत ठेवूनच तें वापरावें.

ब्रिटिश पलटणीचा पहिला मोठा सामना ता. १२ फेब्रुवारी १९३७ रोजीं हारामा नदीच्या खोऱ्यांत झाला. टॉम विंट्रिंगहॅम यांच्या हाताखालीं सुमारें ६०० शिपाई उतरले. दिवसाअखेर सुमारें २२५ उरले. मशीनगनच्या तुकडीस भलत्याच जातीचीं काडतुसें मिळालीं होतीं. ब्रिटनमधून गेलेल्या एकंदर सुमारें २,५०० स्वयंसैनिकांपैकीं ५०० हून अधिक स्पेनमध्येंच पडले. त्यांच्या शौर्याविषयीं वाद नाहीं. आमचा प्रश्न नांवांविषयीं आहे.

पलटणीस ठरविलेलें नांव ‘सकलातवाला पलटण’ असें होतें. शापूरजी सकलातवाला हे १८७४ सालीं मुंबईंत जन्मलेले पारशी गृहस्थ, जमशेटजी टाटांचे भाचे. लंडनच्या उत्तर बॅटर्सी मतदारसंघांतून ते १९२२ व १९२४ सालीं पार्लमेंटांत निवडून गेले आणि युद्धापूर्वीं सहा महिने, जानेवारी १९३६ मध्यें, वारले. परंतु शिपायांच्या तोंडीं ‘ब्रिटिश बटॅलियन’ हेंच नांव रुळलें. तेव्हां सकलातवालांच्या नांवावरून ही हिंदी पलटण होती असें अनुमान काढणें चुकीचें होईल.

याच्या उलट चूकही तितकीच सोपी आहे. नागपूरचे गोपाळ मुकुंद हुद्दार हे पत्रव्यवसायाच्या अभ्यासासाठीं लंडनला गेले असतां १९३७ सालीं स्पेनच्या स्वयंसैनिकांत दाखल झाले, तें ‘जॉन स्मिथ’ या नांवानें. एप्रिल १९३८ मध्यें गांदेसाच्या बाजूस ते पकडले गेले, सान पेद्रो दे कार्देन्या येथील बंदिवासांत राहिले, आणि त्याच वर्षीं सुटले. ग्रंथाचे संपादक रायन हेही त्याच वसंत ऋतूंत कैद होऊन तेथेंच नेले गेले होते. आतां कोणी केवळ नांवांची यादी पाहून ‘या सैन्यांत मराठी मनुष्य नव्हता’ असा सिद्धांत मांडला, तर तो साधार दिसेल आणि तरीही खोटा असेल.

हस्तलिखिताच्या पुष्पिकेंत एक नांव आणि ग्रंथपरंपरेंत दुसरें, असा प्रसंग संस्कृताच्या अभ्यासकांस नवा नाहीं. तेथें दोन्ही पाठ नोंदवून निर्णय करावा लागतो; येथेंही तेंच करावें. हुद्दार हे १९२९ सालीं राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे पहिले सरकार्यवाह झाले होते. स्पेनहून परतल्यावर ते कम्युनिस्ट पक्षांत गेले. यांपैकीं सोयीचें तेवढेंच सांगण्याचा मोह दोन्ही बाजूंच्या लेखकांस होतो. संशोधकानें तो टाळून दोन्ही गोष्टी सालवार नोंदवाव्या.

रायन यांच्या ग्रंथास आम्ही प्रत्यक्षदर्शी साधन म्हणून मान देतों; संपूर्ण इतिहास म्हणून नव्हे. उरलेला भाग इकडच्या कागदांवरून भरून काढावा लागेल. नागपूर, मुंबई व उपनगरांतील ज्या संग्राहकांपाशीं १९३८–३९ सालचीं मराठी वर्तमानपत्रें, परदेशांतून आलेलीं पत्रें अथवा सभांचीं हस्तपत्रकें असतील, त्यांनीं तीं अलीकडचीं म्हणून हलकीं समजूं नयेत. त्या काळचा वर्तमानपत्री कागद जुन्या हातकागदापेक्षां लवकर तुटतो. त्यांची यादी व नकला आधीं करून ठेवाव्या, अशी आमची विनंति आहे.