श्यामची आई आणि श्यामचा शिक्षक

एखाद्या ग्रंथास लाभलेली अफाट लोकप्रियता कित्येकदा त्याच्या परीक्षणाच्या आड येते. कै. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ची अवस्था काहीशी अशीच झाली आहे. १९५३ साली आचार्य अत्रे यांनी त्यावर चित्रपट काढला, त्यास राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले, आणि मातृप्रेमाचे स्तोत्र हेच त्या पुस्तकाचे वर्णन दृढ झाले. स्तुतिपाठक त्यातील मातेस वंदन करतात. टीकाकार त्यातील अश्रूंस नाके मुरडतात. दोघांचीही दृष्टी आईवरच खिळलेली असते. ही कथा सांगतो कोण व सांगतो कशी, याचा विचार क्वचितच होतो. आमच्या मते पुस्तकाचे मर्म तेथेच आहे.

गुरुजी मूळचे कोकणातील पालगडचे. खानदेशात ते परके म्हणूनच आले. १९२४ ते १९३० ही सहा वर्षे त्यांनी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात अध्यापन केले व छात्रालयाचा भार वाहिला. शिस्त म्हणजे छडी, हे समीकरण त्या काळी सर्वमान्य होते. गुरुजींनी मात्र मुलांच्या खोल्या स्वतः झाडल्या, त्यांची शुश्रूषा केली, आणि त्यांच्यासाठी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक चालविले. घरापासून दूर असलेल्या मुलाचे एकाकीपण उपदेशाने जात नाही, हे त्यांनी ओळखले होते.

त्याच सुमारास भावनगरास गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक हे माँटेसरीबाईंच्या पद्धतीने बालशिक्षणाचे प्रयोग करीत होते. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. त्यांच्यापाशी शास्त्र होते, साधने होती, निरीक्षणाची पद्धती होती. गुरुजींपाशी यांपैकी काही नव्हते. त्यांस मानसशास्त्रज्ञ म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु मूल आपले मन कोणापुढे उघडे करते, या प्रश्नाचे उत्तर त्यांस अनुभवाने गवसले होते. ते उत्तर म्हणजे ऐकणे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर अठरा प्रवचने दिली, ती आज आपणांस उपलब्ध आहेत ती गुरुजींनी उतरून घेतली म्हणून. दुसऱ्याचे बोलणे इतक्या निष्ठेने ऐकणारा पुरुष मुलांचेही तसेच ऐकत असला पाहिजे, हे अनुमान वावगे ठरू नये.

पुढच्याच वर्षी, १९३३ च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत ‘श्यामची आई’चा बहुतेक भाग लिहून झाला. तेथे प्रौढ श्याम रात्री आश्रमातील सोबत्यांस आपले बालपण सांगतो. या योजनेचे महत्त्व आमच्या टीकाकारांस उमगलेले दिसत नाही. श्याम स्वतःच्या गुणांची कथा सांगत नाही. आपण भित्रे होतो, हट्टी होतो, आपण चोरीही केली, हे तो न लपविता सांगतो. वडीलधाऱ्याने आपल्या बालपणीचे दोष असे उघड केले, की ऐकणाऱ्या मुलाच्या मनावरील अपराधाचे ओझे हलके होते. ‘माझ्यासारखाच हाही होता’ ही जाणीव शंभर नीतिपाठांहून प्रभावी ठरते. गुरुजींची खरी बालसेवा ती हीच.

तथापि या पुस्तकात एक उणीवही आहे, व भक्तिभावाने ती झाकणे योग्य नव्हे. पोहण्याच्या भीतीने लपून बसलेल्या श्यामला आई मारून विहिरीकडे पाठविते, आणि लोकांनी आपल्या मुलास भित्रा म्हणू नये म्हणून आपण तसे केले, हे नंतर प्रेमाने समजाविते. श्यामची भीती लेखकाने प्रामाणिकपणे रंगविली आहे. परंतु त्याचा राग? तो आईच्या मायेत तत्काळ विरघळून जातो. संबंध पुस्तकात हेच घडते. आई सदैव बरोबर, मूल सदैव पश्चात्तप्त. ज्या मुलाची आई अशी नाही, किंवा ज्याचा राग न्याय्य आहे, त्याने या पुस्तकात कोठे बसावे? करुणेचा पूर आला म्हणजे न्यायाचा काठ दिसेनासा होतो, आणि गुरुजींच्या लेखणीचा हा दोष त्यांच्या गुणापासून वेगळा काढता येत नाही.

म्हणूनच हे पुस्तक मुलांच्या हाती देऊन मोकळे होणाऱ्या पालकांस आमची सूचना आहे, की त्यांनी ते आधी स्वतः वाचावे, आणि श्यामच्या आईचे अनुकरण करण्यापेक्षा श्यामचे करावे. आदर्श माता होणे सर्वांस साधत नाही. ‘मीही लहानपणी चुकलो होतो’ एवढे आपल्या मुलापाशी बोलणे, आणि मग त्याचे म्हणणे, त्यातील रागासह, ऐकून घेणे, हे मात्र कोणत्याही घरात साधण्यासारखे आहे. आज शाळांतून समुपदेशक असावेत अशी मागणी होते, ती योग्यच होय. परंतु अमळनेरच्या त्या छात्रालयात जे घडले त्याचा प्रारंभ पदवीने झाला नव्हता. मुलांच्या खोलीत जाऊन त्यांच्याजवळ बसण्याने झाला होता.