‘स्मृतिचित्रे’ आणि ईश्वराचे आरोग्यदान

ईश्वर रोग्यास बरे करतो, ही ख्रिस्ती धर्मातील एक मूळ श्रद्धा होय. परंतु तो कसा बरे करतो, या प्रश्नावर भाविक व टीकाकार दोघेही बहुधा उतावीळ होतात. भाविकास चमत्कार हवा असतो. टीकाकारास चमत्कार असिद्ध ठरला म्हणजे श्रद्धाही निकालात निघाली असे वाटते. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’चा पहिला भाग 1934 साली प्रसिद्ध झाला, त्यास नव्वद वर्षे उलटली. हा प्रश्न मनात ठेवून आम्ही तो ग्रंथ पुन्हा वाचला.

वास्तविक शुभवर्तमानांतही आरोग्यदानाची एकच रीत नाही. येशू कुष्ठरोग्यास स्पर्श करतो, शताधिपतीच्या चाकरास दुरूनच शब्दाने उठवितो आणि जन्मांधाच्या डोळ्यांस चिखल लावतो. उलट, पौलाने तीनदा विनवूनही त्याच्या देहातील काटा निघाला नाही. आणि त्याच पौलाचा सोबती लूक हा वैद्य होता. प्रार्थना व औषध यांत वैर कल्पिणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे.

‘स्मृतिचित्रां’त डोळे दिपविणारा चमत्कार नाही. तेथे आहे ती शुश्रूषा. ज्या बाईच्या माहेरी सोवळ्याचे वेड पराकोटीस गेले होते, तीच पुढे जातिभेद हा मनुष्याने केलेला आहे असे स्वतः विचार करून ठरविते व प्लेगच्या रोग्यांची सेवा करिते. ज्या हातांस परक्याचा स्पर्श चालत नसे, तेच हात रोग्याच्या उशाशी राबू लागले, हे आरोग्यदान नव्हे काय? आमच्या मते येथे रोग्याआधी शुश्रूषा करणारीच बरी झाली आहे. आमच्या नागपुरात स्कॉटिश मिशनने म्यूर मेमोरियल रुग्णालय उभारले, त्यामागील श्रद्धाही याच जातीची होती.

परंतु ग्रंथाचे केवळ गुणगान करून थांबणे हा लेखिकेवर अन्याय होईल. 1893 साली नागपुराहून राजनांदगावास जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने नारायण वामन टिळकांस नवा करार दिला. 10 फेब्रुवारी 1895 रोजी त्यांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या तळमळणाऱ्या मनास जे औषध लागू पडले, त्यानेच पत्नीच्या संसारास घाव घातला. कित्येक वर्षे ती पतीपासून दूर राहिली. 1900 साली तिनेही ख्रिस्ती धर्म स्वीकारला. एकाचे आरोग्य दुसऱ्याची जखम का व्हावी, याचे उत्तर ती देत नाही. बहुतेक ठिकाणी विनोद करून पुढे सरकते. हा विनोद काही वाचकांस पळवाट वाटेल. प्रारंभी आम्हांसही तसे वाटले.

पण विचारांती आमचे मत पालटले. लक्ष्मीबाई आपले दुःख लपवीत नाहीत, आणि त्याचे प्रदर्शनही मांडीत नाहीत. पतीवर रागावण्याचा हक्क न सोडता त्या त्याच्यावर प्रेम करितात. व्रण राहतो, पण त्यात विष उरत नाही. देहाची व्याधी हटणे आणि मनुष्य बरा होणे या दोन गोष्टी एक नव्हेत. पौलाच्या काट्याचा अर्थही हाच असावा. ईश्वर मानणाऱ्याने यास त्याची कृपा म्हणावे, न मानणाऱ्याने स्वभावाचे सामर्थ्य म्हणावे. मात्र हे घडले, एवढे ‘स्मृतिचित्रे’ वाचल्यावर कोणासही नाकारता येणार नाही.