दृढ नियंत्रणाची गृहीते आणि झडपेची मर्यादा

द्रवीय व वायवीय प्रवर्तकांच्या नियंत्रणाचा अभ्यास करणाऱ्यांच्या हाती प्रायः दोन ग्रंथ असतात: हर्बर्ट मेरिट ह्यांचा 'हायड्रॉलिक कंट्रोल सिस्टिम्स' (१९६७) आणि ज्याँ-जाक स्लोतीन व वेइपिंग ली ह्यांचा 'अप्लाइड नॉनलिनिअर कंट्रोल' (१९९१). पहिला रेषीय म्हणून कालबाह्य, दुसरा अरेषीय व दृढ म्हणून त्याची जागा घेणारा, असा एक समज आहे. तो कितपत टिकतो, हे पाहणे अगत्याचे आहे.

झडपेतून जाणारे तेल दाबांतील फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाहते, हे मेरिट पूर्णपणे जाणतात. पुरवठ्याच्या दाबापैकी दोन-तृतीयांश भारासाठी खर्ची पडला, की प्रवाह भाररहित अवस्थेच्या सुमारे ५८ टक्केच उरतो. भारदाब त्यापलीकडे जाऊ देऊ नये, हा त्यांचा दंडक त्यातूनच आला आहे. रेषीकरणासाठी ते झडपेच्या मध्यस्थितीस महत्त्व देतात, कारण तेथे अवमंदन किमान असते. दृढतेचा उच्चार न करता प्रतिकूलतम अवस्था निवडण्याचीच ही रीत होय. तथापि मोठ्या हालचालींत तिच्याकडून सिद्धता मिळत नाही.

ती उणीव स्लोतीन व ली भरून काढतात. अनिश्चिततेची कमाल मर्यादा ठाऊक असल्यास प्रणालीला एका ठराविक पृष्ठावर खेचून आणणारा नियम ते सिद्ध करतात. त्या नियमातील आकस्मिक उलटापालटीमुळे थरथर उद्भवते. म्हणून पृष्ठाभोवती पातळ पट्टी आखून, अचूकतेचा काही अंश सोडून, ते नियम सलग करतात. यंत्राची कंपने, दुर्लक्षित विलंब आणि नमुने घेण्याची वारंवारता ह्यांनी नियंत्रणाचा वेग मर्यादित होतो, हेही ते स्पष्टपणे सांगतात. दोष सिद्धान्ताचा नसून, अटी वगळून तो उचलण्याचा आहे.

प्रवर्तकांच्या बाबतीत ही वगळणूक विशेष महाग पडते. झडप दाबात बदल घडविते आणि दाबातून बल उत्पन्न होते. घर्षण व भार मात्र थेट बलाच्या समीकरणात प्रवेश करतात. आदेश आणि अनिश्चितता ह्यांच्यामध्ये अशी एक पायरी राहते. ती ओलांडण्यासाठी समीकरणाचे पुन्हा अवकलन केले, की घर्षणाचा अवकलज येतो. आणि वेग शून्यातून जाताना घर्षणाची दिशा एकाएकी पालटत असल्यामुळे त्या अवकलजाला मर्यादाच उरत नाही. वायवीय सिलिंडरात अडचण दुणावते. हवा सहज दबते, सीलचे घर्षण दट्ट्याला अडवून एकदम सोडते, आणि झडपेच्या दोन्ही बाजूंच्या निरपेक्ष दाबांचे गुणोत्तर सुमारे ०.५२८ च्या खाली गेले की प्रवाहाचे सूत्रच बदलते.

ह्या दृष्टीने बिन याओ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली एकदांडी द्रवीय सिलिंडरासाठी मांडलेली पद्धत मोलाची आहे. प्रथम हवे ते बल ठरवावयाचे, नंतर ते झडपेकडून मिळवावयाचे, असा तिचा क्रम आहे. परंतु अशा रचनेत दाबाचे ज्ञान लागते, आणि घर्षणाची भरपाई सलग फलनानेच करावी लागते. अतिमंद गतीत हे फलन प्रत्यक्ष घर्षणापासून दूर जाते.

सारांश, प्रबंधात 'दृढ' हे विशेषण योजणाऱ्याने ते कोणत्या अनिश्चिततेविरुद्ध, किती मर्यादेपर्यंत आणि किती शीघ्र झडपेच्या आधारे योजले, हे सांगितले पाहिजे. परीक्षकानेही ते विचारले पाहिजे. एरवी सिद्धता कागदावरील प्रणालीची राहते आणि भार मात्र खऱ्या दट्ट्यावर असतो. स्लोतीन व ली ज्या मर्यादा ज्ञात धरतात, त्यांचे अंक काढण्याची वाट मेरिट ह्यांच्या ग्रंथातूनच जाते. म्हणून तो आजही वाचला पाहिजे.