‘बोडक्या’ वसाहतींचे वर्गीकरण : एक आक्षेप

मालगुंडच्या कातळसड्यावर मृगाच्या पहिल्या सरीनंतर जो मृद्गंध येतो, त्यातील ओळखीचा अंश जिओस्मिन या द्रव्याचा असतो. ते स्ट्रेप्टोमायसिससारखे तंतुमय जिवाणू निर्माण करतात. २०२० मधील संशोधनानुसार या जिवाणूंत जिओस्मिनचे जनुक बीजाणुनिर्मितीच्या नियामकांच्या अधीन असते. आपल्या महाविद्यालयीन प्रकल्पांत मात्र हे जिवाणू प्रतिजैविकांपुरतेच उरतात. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये हॅमायसिनचा शोध लागला, ही परंपरा गौरवाची खरीच. परंतु प्रतिबंधवलय मोजले की अभ्यास संपला, ही समजूत तिला शोभणारी नाही.

वाढीच्या नियमनाची पाठ्यपुस्तकी मांडणी सरळ आहे. अन्नमाध्यमात शिरणारे तंतू, मग हवेत उठणारे तंतू, अखेर बीजाणूंची साखळी. हवाई तंतू न उठणारे उत्परिवर्तित वाण ‘बोडके’, म्हणजे बीएलडी. तंतू उठूनही बीजाणूंचा करडा रंग न येणारे ‘पांढरे’, म्हणजे डब्ल्यूएचआय. डेव्हिड हॉपवुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केलेल्या या नावांनी संशोधनाला दिशा दिली, हे निर्विवाद आहे. आक्षेप आहे तो दर्शनी रूपालाच कारण मानण्यावर.

स्ट्रेप्टोमायसिस सीलिकलरमधील बीएलडीए हे जनुक ल्युसिनचा यूयूए हा विरळ संकेत वाचणारा वाहक आरएनए घडवते. ते बिघडले की ग्लुकोजवर वसाहत बोडकी राहते. मॅनिटॉलवर तीच हवाई तंतू उभारते. मग या जनुकाला तंतूंचा ‘हुकूमदार’ म्हणावे कसे? बीएलडीडीचे उदाहरण याहून बोलके आहे. या प्रथिनाचे दोन घटक सायक्लिक डाय-जीएमपीच्या चार रेणूंनी जोडले जातात आणि बीजाणुनिर्मितीची जनुके दाबून धरतात, हे २०१४ मध्ये दाखवले गेले. स्ट्रेप्टोमायसिस व्हेनेझुएलीमधून हे जनुक काढले असता वसाहत बोडकीच दिसते. परंतु तिथे हवाई तंतूंचा टप्पा गाळून बीजाणू थेट तयार झालेले असतात. एकीचा विकास अडलेला, दुसरीचा अकाली उरकलेला, आणि नाव मात्र एकच!

नावे बदलावीत असे सुचवायचे नाही. प्रकल्पवहीत ‘बोडकी वसाहत’ लिहिताना कोणते माध्यम, कितवा तास आणि सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसले, एवढे नोंदवले तरी पुरे. त्यासाठी जनुकशास्त्राची महागडी प्रयोगशाळा लागत नाही. आगारमध्ये तिरकी खोचलेली एक काचपट्टी पुरते.