मागे बसलेल्या बाया

इंप्रेशनिस्टांबरोबर प्रदर्शने भरवणाऱ्या एदगार देगा या फ्रेंच चित्रकाराने १८७६-७७ मध्ये पॅरिसच्या एका कॅफेतील गाण्याचा कार्यक्रम चितारला. लाल पोशाखातील गायिका झुकून हात पुढे करते आहे. अलीकडे वादक आणि प्रेक्षकांच्या पाठी, वर दिव्यांचे गोळे. मूळ चित्र लियाँच्या संग्रहालयात आहे. आम्ही पाहिली ती छापील प्रत. निसटता क्षण, उजेडाचा खेळ, असे मी शिरूरच्या वर्गात सांगत होतो. माझ्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. पुस्तकी सौंदर्यशास्त्र पाठ म्हणण्याची सवय अजून गेलेली नाही.

एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, मागं बसलेल्या बायांची बारी कधी येणार?" तिची मावशी दौंड तालुक्यात, चौफुल्याच्या थिएटरात नाचत असे.

त्या बाया मी पाहिल्याच नव्हत्या. संगीतबारीत एका पार्टीनंतर दुसरीची पाळी येते, तीच बारी. नटूनथटून वाट पाहणे हेही तिथे कामच. पॅरिसच्या कॅफेतही गायिकेमागे बाया बसवीत, पुष्कळदा केवळ शोभेसाठी. ज्याला आपण क्षण म्हणतो, तो पाहणाऱ्याचा. बसलेलीची सारी रात्र जाते.

देगाला केवळ दोष देऊन भागणार नाही. बँकवाल्या घरातला हा माणूस गिऱ्हाइकांत बसला आहे, आणि त्यांच्या पाठी त्याने चित्रात ठेवल्या आहेत. आधी काळ्या शाईचा ठसा घेऊन त्यावर त्याने पेस्टलचे रंग चढवले; उजेडाखाली अंधार शिल्लक आहे. आपले रसिक लावणीवर लिहितात तेव्हा बहुधा स्वतःची पाठ दिसू देत नाहीत. अदा आणि ठसका यांवर पाने भरतात. कोल्हाटी बाईची जात, तिची मजुरी आणि दौलतजादा करणारा हात मात्र वगळला जातो.

तरीही प्रामाणिक प्रेक्षक हा प्रेक्षकच. मंचावरून गिऱ्हाइकाचे तोंड कसे दिसते, हे त्याला रंगवता येत नाही. नाचणाऱ्या आईचे पोर असलेल्या किशोर शांताबाई काळे यांनी 'कोल्हाट्याचं पोर' (१९९४) लिहून पलीकडची बाजू मांडली. समीक्षेला तिथे जाऊन बसावे लागेल.

शिरूरहून न्हावरेमार्गे आले की चौफुला लागतो. थिएटरांच्या पाट्या मी वर्षानुवर्षे एसटीच्या खिडकीतून वाचत आलो. पैसे उडवणाऱ्यांत आपल्या वस्तीतले पुरुषही असतात, हे ठाऊक असून त्यावर कधी लिहिले नाही. त्या चित्रात माझीही पाठ आहे. ती आधी दाखवल्याशिवाय दुसऱ्यांच्या रसिकतेवर बोलण्याचा मला अधिकार नाही.